रजेचा अर्ज

निवृत्त शिक्षकांची आत्मकथनं मी किलोच्या हिशेबात वाचली आहेत. घरात आणि नात्यात मिळून शिक्षक अकरा. त्यामुळे दर एक-दोन वर्षांनी कुणाच्या तरी निरोप समारंभात जेवणाबरोबर पुस्तकही मिळतं. नावात वाट, पणती नाहीतर खडू यांपैकी काहीतरी असतंच. मुखपृष्ठावर उगवता सूर्य (मावळताही असेल, छपाईत कळत नाही). पहिली दहा पानं शुभेच्छा संदेशांची. मग गरिबी, अनवाणी गाठलेली शाळा, पहिली नेमणूक आणि एकदा तरी तो ठरलेला प्रसंग: गुरुजी एसटी स्टँडवर उभे आहेत, लाल दिव्याची गाडी करकचून थांबते, साहेब उतरतात आणि भर गर्दीत वाकून पाया पडतात. "ओळखलंत का सर?"

मी हसते, पण दर वेळी घशाशी काहीतरी येतंही, हे आधीच कबूल केलेलं बरं. प्रसंग खोटा नसतो. फक्त त्या वर्गात आणखी चाळीस पोरं होती. ती कुठल्या स्टँडवर उतरली, ते काही पुस्तकात येत नाही.

माझी आई बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर 31 वर्षं होती, त्यातली बरीचशी द्विशिक्षकी शाळांत. द्विशिक्षकी म्हणजे चार वर्ग, दोन बाई आणि त्यातल्या एकीच्या मागे कायम तालुक्याची मीटिंग. ती निवृत्त झाली तेव्हा आम्ही सगळे मागे लागलो, तू पण लिही. ती म्हणाली, "काय लिहू? अ अननसाचा? एकतीस वर्षं शिकवला. मी स्वतः अननस खाल्ला तो तुझ्या लग्नात. फ्रूट सॅलडमधला."

तेव्हा मला सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर आठवली. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणारी ही बाई. तिचं 'टीचर' हे पुस्तक 1963 साली आलं. वर्गातली वाचनाची पुस्तकं नीटनेटक्या गोऱ्या घरांतली, आणि समोरची मुलं भांडणं, भुतं आणि लाडकोड सगळं एकाच खोलीत बघत वाढलेली. तिनं काय केलं, तर एकेकाला जवळ बोलावून विचारलं, तुला कुठला शब्द हवाय? मूल सांगेल तो शब्द जाड कागदाच्या पट्टीवर लिहून त्याच्या हातात दिला. रोज सकाळी सगळ्या पट्ट्या एकत्र ओतायच्या आणि मुलांनी त्या ढिगातून आपापले शब्द हुडकून काढायचे. जो शब्द ओळखता आला नाही तो बाद. तो मुळात त्याचा नव्हताच. पण 'भूत' हा शब्द एकदा बघितला की पोरं विसरत नसत. महिनोन् महिने सोपी अक्षरं गिरवून ज्यांना काही येत नव्हतं, ती भुताला मात्र लगेच ओळखत.

मी हे आईला सांगितलं. म्हटलं, तुझ्या पोरांनी कुठला शब्द मागितला असता?

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मुकादम."

ज्यांनी बीडकडची दिवाळी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. दसरा झाला की गावात ट्रक आणि ट्रॅक्टर यायला लागतात. मुकादमाकडून, म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला नवराबायको मिळून एक 'कोयता' होऊन साखर कारखान्याकडे निघतात. भांडीकुंडी, शेळी, कोंबड्या आणि पोरं, सगळं वर चढतं. सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा पट बेचाळीसचा आणि समोर सतरा. गावात राहिलेली आजी नातवंडाला ठेवून घेते तेव्हा ते सतरात येतं. कारखान्यांवर या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, काही चांगल्या चालल्याही. पण तळावर राहणाऱ्या मुलाला शाळेपेक्षा धाकटं भावंड सांभाळायचं काम आधी असतं. वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, बांधायचं त्यानंतर.

अनुताई वाघ यांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' आईनं माझ्याआधी वाचलेलं होतं. ताराबाई मोडकांबरोबर 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांसाठी जे केलं, त्यातली कुरणशाळा तिला फार आवडायची. पोरं गुरं चारायला गेल्यामुळे शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच कुरणावर न्यायची. "किती साधं," आई म्हणायची, आणि मग थोड्या वेळानं, "पण ऊस कुरणासारखा एका जागी नसतो गं. आज हा फड, उद्या तो."

मला वाटतं, शिक्षकांच्या पुस्तकातलं मला हेच हवं असतं, हे 'पण'. बाईंना सगळं जमलं असं लिहिलं की मी पानं भराभर उलटते.

एक पुस्तक तर शिक्षकानं लिहिलेलंच नाही, तरी ते याच कपाटात ठेवावं लागतं. फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरातलं बार्बियाना हे गाव. तिथल्या आठ मुलांनी त्यांच्या पाद्री-गुरुजींच्या, लोरेंझो मिलानींच्या शाळेत बसून, आपल्याला नापास करणाऱ्या बाईंना एक लांबलचक पत्र लिहिलं. 1967 साली ते इटलीत छापून आलं, पुढे मराठीत 'प्रिय बाई' म्हणून. तुम्हाला माझं नावही आठवत नसेल, अशी सुरुवात. आईला मी ते वाचायला दिलं. तीन-चार दिवसांनी ते देवघराच्या फळीवर पालथं ठेवलेलं दिसलं. चौकशी केली नाही.

म्हणून पुढचं पुस्तक मुद्दाम हलकं निवडलं. फ्रँक मकोर्टचं 'टीचर मॅन', 2005 सालचं. इंग्रजीतलं, तेव्हा रात्री जेवणानंतर मीच मराठीत सांगत सांगत वाचून दाखवलं. 1958 साली हा आयरिश तरुण न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर एका व्यवसाय शिक्षणाच्या शाळेत रुजू होतो. पहिल्याच दिवशी एक पोरगा सँडविच फेकतो. सगळे याच्याकडे बघत राहतात. आता आला का प्रसंग! ट्रेनिंग कॉलेजात सँडविचचा तास झालेलाच नसतो. मकोर्ट ते उचलतो आणि खातो. आई एवढी हसली की शेजारच्या वहिनी विचारायला आल्या.

पण तिला खरं धरलं ते पुढच्या प्रकरणानं. मुलं गैरहजर राहिली की आईवडिलांची चिठ्ठी आणतात. मकोर्टच्या लक्षात येतं की बहुतेक चिठ्ठ्या पोरांनीच लिहिलेल्या आहेत, आणि एरवी दहा ओळींचा निबंध लिहायला सांगितलं तर कण्हणारी हीच मुलं या चिठ्ठ्यांत काय एकेक रचून ठेवतात! तो त्या चिठ्ठ्या वर्गात वाचायला देतो, आणि मग सगळ्यांना लिहायला लावतो: अ‍ॅडमतर्फे देवाला चिठ्ठी, ईव्हतर्फे देवाला चिठ्ठी. पोरं खाली मान घालून लिहीत सुटतात. तेवढ्यात मुख्याध्यापक मोठ्या साहेबांना घेऊन दारात हजर.

आई उठली. मला वाटलं, गोळी घ्यायची राहिली. पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला. परत आली ती टाचणवह्यांचा गठ्ठा घेऊन. टाचणवही म्हणजे रोज काय शिकवणार ते आधी लिहून ठेवायचं. केंद्रप्रमुख येऊन 'टाचण पाहिले' असा शेरा मारून जातात. समासात मात्र आईचं स्वतःचं काहीबाही होतं. 'पाऊस. वर्ग गळतो. बेरीज ओसरीत घेतली.' 'आज कुणालाच काही आलं नाही. मलाही.' मी म्हटलं, अगं, हेच तर छापायचं! तिनं लक्ष दिलं नाही. एका वहीतून तिनं चौघडी केलेला कागद काढला.

तिसरीतल्या मुलाचा अर्ज. अक्षर त्याचंच, पाठ केलेला मायना. 'मा. मुख्याध्यापक यांस, वि. वि. माझा मुलगा आमच्या बरोबर ऊसतोडीला येणार आहे तरी त्यास पाडव्यापर्यंत रजा मिळावी व नाव कमी करू नये ही नम्र विनंती.' खाली 'आपला पालक' आणि जांभळा अंगठा.

एवढासा अंगठा. माझ्या करंगळीच्या पेराएवढा.

"बाप कशाला अर्ज करतोय," आई म्हणाली. "त्याला रजा वगैरे ठाऊकच नव्हतं. हा ट्रकात बसायच्या आधी पळत आला, कागद टेबलावर ठेवला आणि गेला."

"मग? तू काय केलंस?"

"मंजूर लिहिलं. काय करणार?"

"आणि परत आला तो?"

"आला की. हनुमान जयंती झाल्यावर. परीक्षेला चार दिवस होते." तिनं कागद परत चौघडी केला. "पण शाई माझ्याच स्टँपपॅडची वापरली होती मेल्यानं. सुकलं होतं म्हणून त्यात पाणी ओतून ठेवलेलं. वर्षभर माझे सगळे दाखले फिके गेले."