जुनं सभागृह, नवा मिक्सर

प्रसारणासाठीच बांधलेल्या त्या जुन्या सभागृहात आज डिजिटल मिक्सर (सगळ्या माइकचे आवाज एकत्र करणारं यंत्र) बसवला. मनगटाएवढी जाड मल्टिकोर केबल (एकात अनेक तारा असलेली) निघाली, तिच्या जागी दोन बारीक फायबर, म्हणजे प्रकाशातून आवाज नेणाऱ्या काचेच्या तारा. एक तुटली तरी दुसरीवर कार्यक्रम चालू राहील. सगळं जुन्याच नळ्यांतून ओढलं, भिंतीला एकही नवं भोक नाही. याचा फार आनंद झाला!

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, म्हणजे सेकंदाला ४८ हजार वेळा आवाज मोजायचा आणि प्रत्येक माप २४ बिटांत लिहायचं. आवाज आत जाऊन बाहेर यायला दोनेक मिलिसेकंद, म्हणजे स्पीकरपासून साधारण ७० सेंटिमीटर मागे सरकल्याइतका उशीर. कलाकाराला जाणवतही नाही.

पण या वास्तूचा घुमारा कुठल्याही रिव्हर्बमध्ये, म्हणजे यंत्राने दिलेल्या कृत्रिम घुमाऱ्यात, मिळणार नाही. म्हणून छताजवळचे दोन माइक मी हट्टाने ठेवायला लावले. चाचणीला व्हायोलिन वाजलं, तेव्हा त्यांचेच फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या कळा) वर केले. बाकी काही लागलंच नाही.

उद्या जुन्या कन्सोलचे, म्हणजे आधीच्या मिक्सरचे, आराखडे जपून ठेवायचे आहेत.