सोलापूर, तुळजापूर आणि पेट्रोलचा वास

पुण्याहून निघालो तेव्हा टाकी निम्मी होती. भिगवणला नाश्ता झाला, उजनीचं पाणी अधूनमधून दिसत होतं, आई मागे जप करत होती आणि लेक तिच्या मांडीवर झोपली होती. टेंभुर्णीच्या आसपास एका पंपावर टाकी फुल करायला सांगितली. नोझल आपोआप बंद पडल्यावरही पंपावरच्या पोराने 'राउंड फिगर करतो' म्हणत आणखी दोनदा दाबलं. मोहोळ यायच्या आत आईने पदर नाकाला लावला होता.

"अरे, पेट्रोलचा वास मारतोय. डोकं धरलं माझं."

पुढे बसलेल्या आम्हा दोघांना फारसं काही जाणवत नव्हतं. गाडी बाजूला घेतली. खाली वाकून पाहिलं, थेंब नाही. टाकीचं झाकण घट्ट होतं. बॉनेट उघडून नाक आत घातलं, तिथे फक्त गरम इंजिनाचा नेहमीचा वास. मागचं दार उघडलं की मात्र भपकारा. चहाच्या टपरीसमोर थांबणार होतो, पण तिथे दोघेजण बिडी ओढत बसले होते, म्हणून गाडी तशीच पुढे काढली. सोलापूरपर्यंत चारही काचा खाली, एसी बंद आणि मे महिन्यातलं ऊन. त्या वाऱ्याला वारा म्हणायचं धाडस फक्त सोलापूरकरच करू जाणोत.

विजापूर रोडला मामांकडे पोचलो. मामांचं निदान पाण्याचा तांब्या हातात यायच्या आधीच तयार. "हे सगळं त्या इथेनॉलमुळं! उसाचं पेट्रोल घालायलेत, रबर टिकतंय का?" सोलापूर जिल्ह्यात उसाला आणि साखर कारखान्यांना तोटा नाही, त्यामुळे हे बोलताना त्यांच्या आवाजात तक्रारीइतकाच अभिमानही होता. त्यांचं म्हणणं अगदी हवेतलंही नव्हतं. पेट्रोलमधलं इथेनॉल २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेलं, आणि एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांचे रबरी पाइप, रिंगा त्या हिशोबाने बनवलेल्या नाहीत. आमची गाडी त्या जुन्यांतलीच. पण मग वास आजच का, आणि टाकी भरल्यावरच का?

हाच प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजवाल्या अण्णांनी विचारला. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, फोनवर कन्नड, असं अस्सल सोलापुरी काम. गाडीला हात लावायच्या आधी त्यांनी मला स्टुलावर बसवलं.

"वास कधी येतंय ते सांगा आधी. टाकी फुल केलाव की मग?"

"हो."

"गाडी बंद करून पाच-दहा मिनिटांनी बॉनेटकडनं येतंय का?"

"नाही. मागेच."

अण्णांचं म्हणणं असं की वासाची वेळ कळली की अर्धं काम झालं. इंजिन बंद केल्यावर पुढून वास आला तर इंजेक्टरच्या रिंगा किंवा तिथला पाइप बघायचा. टाकी काठोकाठ भरल्यावर मागून आला तर टाकीच्या माथ्यावर संशय: पंपाचं सील, वाफेचा पाइप, नाहीतर भरायच्या नळीचा जोड. नोझल बंद झाल्यावरही पेट्रोल कोंबलं तर ते वाफेच्या वाटेने चारकोल कॅनिस्टरपर्यंत जातं. तिथला कोळसा वाफ शोषायला ठेवलेला असतो, पेट्रोल प्यायला नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खालीच रेंगाळते, म्हणून पोरांना आणि मागे बसणाऱ्यांना आधी कळतं. आई तर नेमकी टाकीच्या वरच बसली होती.

मग गाडी शेडमधून उघड्यावर ढकलली. पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू केलं. पाइपातलं प्रेशर संपलं तसं ते आपोआप मेलं. बॅटरीचा मायनस काढला. पोरगं वायरवाला दिवा घेऊन आलं तर अण्णा खेकसले, "ते ठेव बे! टॉर्च आण, चार्जिंगची." मागची सीट उचलली. खालचं पत्र्याचं गोल झाकण काढलं आणि उत्तर समोर होतं. पंपाच्या माथ्यावर सगळीकडे कोरडी धूळ, फक्त एका बाजूला बोटभर जागेत ती भिजून काळी, चिकट झालेली.

"हे आधी कोण उघडलं होतं?"

हिवाळ्यात पंप बदलला होता, पुण्यातच. अण्णांनी पंप आवळून धरणारी चकती फिरवून सैल केली, पंप थोडा वर उचलला आणि त्याच्या सीलची रबरी रिंग माझ्या हातावर ठेवली. फुगून मऊ झालेली, एका जागी चिमटून नखाएवढी अर्धवट कापलेली. पेट्रोल प्यालेली जुनी रिंग फुगते, ती पुन्हा खाचेत नीट बसत नाही. दाबून बसवली की चिमटते. नवा पंप बसवला आणि रिंग तीच ठेवली. एरवी आम्ही निम्म्या टाकीवरच फिरतो, म्हणून इतके महिने कुणाला पत्ता नाही. कापलेली जागा पाहून मामाही इथेनॉलवरून मुकाट खाली उतरले.

रिंग दुकानातून यायला दुपार होणार होती. तोवर उघडी जागा स्वच्छ कापडाने झाकून अण्णा दुसऱ्या गाडीकडे वळले आणि आम्ही रिक्षाने सिद्धेश्वरला गेलो. तळ्याच्या मधोमध मंदिर, पायाखाली तापलेला दगड, लेक एका सावलीतून दुसऱ्या सावलीत उड्या मारत. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी थांबलो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. मामांनी नातीला चौघांची नावं पाठ म्हणून दाखवली. मग कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. यावर जास्त लिहीत नाही, ज्यांनी खाल्लंय त्यांना माहीत आहे.

रिंगेची किंमत दोनशेच्या आत, मजुरी त्याहून थोडी जास्त. अण्णांनी खाच पुसली, रिंग सगळीकडून बोटाने चाचपून बसवली, चकती आवळली. पाइपाच्या जोडांवर साबणाचं पाणी टाकणार का, असं मी विचारलं तर म्हणाले, "आता नाही. टाकी फुल करा, घाट चढून या, मग सीट उचलून बघू."

म्हणून तुळजापूर. पंपावर आईनेच काच खाली करून सांगितलं, "बाळा, राउंड फिगर नको." घाटात पेट्रोल मागे उसळतं, वळणावर बाजूला जातं, सील कच्चं असेल तर तिथे बोलणारच. काचा मुद्दाम बंद ठेवल्या होत्या. वर पोचेपर्यंत आईने दोनदा नाक ओढून पाहिलं आणि पुन्हा जपाला लागली. परतताना सीट उचलली, धूळ पुसलेली ती जागा कोरडी ठक्क होती. अण्णांनी वाफेच्या पाइपावरची एक बारीक भेग तेवढी दाखवली: गळत नाही, पण पावसाळ्याच्या आत बदला. पुण्यात तो पाइप मागवलाय.