लाल झालेला रकाना

जुन्या मुंबईच्या आरोग्य-अहवालांतले तक्ते एक्सेलमध्ये चढवायचं काम माझ्याकडे होतं. हजारामागे ५०० च्या वरचा मृत्युदर भरला की रकाना लाल होईल, अशी सोय मीच करून ठेवली होती. टंकताना शून्य जास्त पडतं, म्हणून.

त्या दिवशी १९२१ चा बालमृत्यूंचा तक्ता समोर होता. चार किंवा जास्त खोल्यांत राहणाऱ्यांची हजारामागे १३३ बाळं वर्षाच्या आत दगावलेली. तीन खोल्या, १९१. दोन खोल्या, ३२१. एक खोली, ८२८. रकाना लाल. छापखान्याची चूक असणार म्हणून पान मोठं करून पाहिलं. आकडा स्वच्छ होता. सगळ्या शहराचा दरही ६६६.

हजारातली ८२८ मुलं मेली तर चाळींतून पुढची पिढी आली कुठून? माझी पणजी लालबागच्या एका खोलीतच नांदली, म्हणजे मी तरी कुठून आले?

जेवताना दप्तरखान्यातल्या काकांपाशी बोलले. ते देवगडचे. हसून म्हणाले, "अगो, बाळंतपणाक मुंबयत कोण ऱ्हवत होता? सगळ्यो माहेराक जायच्यो."

हातातला घास तसाच राहिला. जन्माची नोंद कोकणात, गावच्या पाटलाकडे. तीन-चार महिन्यांनी बाळ आगबोटीने आईबरोबर भाऊच्या धक्क्यावर उतरायचं, आणि इथे गेलं तर मृत्यू मुंबईच्या खात्यावर. भागाकारात वरचा आकडा, मृत्यूंचा, मुंबईचा पुरता; खालचा, जन्मांचा, अर्धामुर्धा. एका खोलीत राहणारा बहुतेक गिरणगाव गावाकडून आलेला, म्हणून दर तिथेच सर्वात फुगलेला.

कोडं सुटलं म्हणून मी खूश. दर किती खाली आणता येईल याचं गणित ताटावरच सुरू केलं. काका मात्र गप्प झाले होते. दर फुगलेला असला तरी वरचा आकडा खरा होता, हे मला जरा उशिराच सुचलं. ती मुलं गेलीच होती. धुराने भरलेली, ओल धरलेली खोली, आणि आई गिरणीत गेली की तान्ह्याने निजून राहावं म्हणून अफूची बाळगोळी.

डबा बंद करता करता काकांनी विचारलं, "आमच्या आजयेची दोन पोरां परळाक वारली. तुझ्या बुकात गावतली काय?"

"यात नावं नसतात, काका."