त्यात काय एवढं

ठाणे, गुरुवार, २५ सप्टेंबर २०२५

हलवा बसला नाही. सोमवारपासून थाळा फ्रिजमध्ये आहे. सुरी फिरवली की रेघ उमटते आणि बघता बघता मिटून जाते.

पण झोप उडालीय ती हलव्यामुळे नाही, धाकट्या बहिणीच्या तीन शब्दांमुळे. सोमवारी दुपारी तिचा इस्रायलमधल्या अश्दोदहून फोन आला. मी आपलं सवयीने विचारलं, चीक कसा पडला गं? तर म्हणते, ‘चीक कसला? यंदा हलवा दुकानातून आणला. इथे इंडियन दुकानात मिळतो, बरा असतो. त्यात काय एवढं?’

मी म्हटलं, खरंच, त्यात काय एवढं. आणि दिवे लावायची वेळ झाली सांगून फोन ठेवला. दिवे लावायला अजून अडीच तास होते.

मला राग का आला हे मी तीन दिवस शोधते आहे.

कष्टांचा म्हणावा, तर कष्ट मी हौसेने घेते. मागच्या गुरुवारी गहू भिजत घातले. रोज पाणी बदललं. तिसऱ्या दिवशी तो आंबूस वास जिन्यापर्यंत गेला आणि शेजारच्या वहिनी दारातूनच म्हणाल्या, ‘काय हो, पितृपक्षात कुरडया?’ दर वर्षी विचारतात. दर वर्षी मी सांगते की चीक कुरडयांचाच, फक्त आम्ही बेने इस्रायली ज्यू तो नारळाच्या दुधात शिजवतो. मांसाबरोबर दूधदुभतं आम्हाला चालत नाही. गाईचं दूध नको, तूप नको, म्हणजे नव्याच्या सणाला, आमच्या नववर्षाला, मटणाच्या जेवणावर खाता येतो. बदाम-पिस्ते आणायला मस्जिद बंदरला गेले होते. ज्या मशिदीवरून स्टेशनाला नाव पडलं ती आमची, म्हणजे सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ, सॅम्युअल स्ट्रीटची, १७९६ सालची. हे ड्रायफ्रूटवाल्याला सांगितलं तर त्याने दहा रुपये कमी केले. बहुधा दया आली असावी.

वाटून, पिळून, मलमलीतून गाळून चीक रात्रभर ठेवला. सकाळी वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं. तिथेच चुकलं. पातेलं जड, एका हाताने ओट्याला धरलेलं, गुडघ्याचा भरवसा नाही. पुरतं वाकवलंच गेलं नाही. पाणी राहिलं. मला दिसत होतं राहिलेलं. म्हटलं आटेल. आटलं नाही.

आई असताना ढवळायच्या पाळ्या असत. मोठी मावशी, आई, मी, शेवटी धाकटी. शंभर आकडे मोजायचे आणि लाकडी कलथा पुढच्या हातात द्यायचा. धाकटी ऐंशीवरून थेट शंभरावर उडी मारायची. सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी बोलत नसे. हलवा जसजसा घट्ट होई तसतसा कलथा जड होई, मग बुडबुडे येत, फुटताना हातावर चटका. आईच्या मनगटावर असे ठिपके होते. कडा सुटल्या, गोळा कलथ्याबरोबर फिरायला लागला, की आई सगळ्यांना बाजूला सारून शेवटचा हात स्वतः मारायची.

सोमवारी मी एकटीने अडीच तास ढवळला. मधे एकदा बेल वाजली तर गॅस बंद करून जावं लागलं. ह्यांची खुर्ची ओट्याजवळ ओढून घेतली होती, बसून ढवळू म्हटलं, पण

असो.

मंगळवारी सकाळी सिनेगॉगला चालत गेले. टेंभी नाक्यावर देवीच्या मंडपाची गर्दी, कारण यंदा घट बसले त्याच संध्याकाळी आमचं नवीन वर्ष लागलं. आत शोफार, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचं रणशिंग, बाहेर ढोल. शोफार वाजतो तेव्हा माणसाने वर्षभराचा हिशेब मनाशी मांडायचा असतो. मी काय मांडला? दुकानातला हलवा कितीला पडला असेल, हा.

नाही, पण सांगा ना, मामीच्या हलव्यात अर्धा चायना ग्रास असतो, हे सगळ्या ठाण्याला माहीत आहे. तो मी मिटक्या मारत खाते, वर ‘काय गुळगुळीत झालाय’ म्हणते. मग धाकटीनेच आणलेला का टोचावा? जूनमधल्या युद्धात तिच्याकडे रात्ररात्र भोंगे वाजत होते. नातीला कडेवर घेऊन निवाऱ्याच्या खोलीत जायची, तिथून मला ‘जागी आहेस का’ असा मेसेज करायची. मी जागीच असायचे. तिने या वर्षी हलवा केला नाही म्हणून मी तोंड फुगवून बसले आहे. हे कुणाला सांगायची सोय नाही.

शेवटी आज दुपारी तिने पाठवलेला फोटो पुन्हा उघडला. मोठा करून पाहिला. गुलाबी हलवा, शंकरपाळ्यांसारख्या नेमक्या वड्या, प्रत्येकीवर एक बदाम. आणि खाली थाळा. पितळी, कल्हई उडालेला, काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आईचं नाव.

दुकानातला हलवा आईच्या थाळ्यात.

म्हणजे हे होतं तर. सोमवारी हाच फोटो बघून मी ‘छान’ लिहिलं होतं. डोळ्यांनी थाळा पाहिला असणार, आणि मला सांगितलं नाही.

वर तो थाळा मीच दिलेला. १९९३ मध्ये, सहार विमानतळावर, ती इस्रायलला निघाली तेव्हा. तिच्या बॅगेचं वजन जास्त भरलं म्हणून तिने तो बाहेर काढून माझ्या हातात ठेवला होता, मी पुन्हा कपड्यांत कोंबला. काय म्हटलं होतं तेही आठवतं. ‘ने गं. मी दुसरा घेईन. त्यात काय एवढं?’

दुसरा घेतला. स्टीलचा. त्याच्यातच हा बसत नाहीये.

संध्याकाळी वहिनींचा मुलगा वाटी परत द्यायला आला. वहिनींचा नऊ दिवसांचा उपास, गहू चालत नाही, म्हणून सगळा त्यानेच खाल्ला म्हणे. वाटी रिकामी नव्हती, तिच्यात साबुदाण्याची खिचडी. म्हणाला, ‘मावशी, खीर मस्त होती. अजून आहे?’

खीर! जीव तिळतिळ तुटला. चार नारळ, चार दिवसांचा चीक आणि खीर?

दार लावलं आणि मला हसू फुटलं. एकटीच हसत उभी होते. आज नव्याचा रोजा (गोळ्यांमुळे मी आता धरत नाही) आणि उद्या तिश्रीची, आमच्या नववर्षाच्या महिन्याची, चार तारीख. खिरीचा सण! रेवदंड्याची आजी हा सण कधी चुकवत नसे. नव्या धान्याची, नारळाच्या रसातली खीर, आधी ऊद जाळायचा, शेमाची प्रार्थना म्हणायची, मग वाट्या. आता किती घरांत करतात कोण जाणे. आमच्याकडे आईनंतर बंदच झाला. म्हणजे मीच बंद केला. हलव्याच्या नावाने एवढा गळा काढणाऱ्या मी.

तर उद्या सकाळी दोन नारळ आणायचे, दाट रस काढायचा आणि थाळ्यातला सगळा ऐवज पातेल्यात परतवायचा. वेलची पुन्हा घालावी लागेल. शुक्रवार आहे, संध्याकाळी शब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस, लागतो, चारच्या आत आवरायला हवं. ऊद घरात नाही. वहिनींकडे धूप असेल, घट बसलेत त्यांच्याकडे, त्या देतील. आजीने हे ऐकलं असतं तर काय म्हणाली असती ते लिहीत नाही.

धाकटीला वाटीचा फोटो पाठवीन. हे काय, म्हणून विचारणार नाही ती. ऐंशीवरून शंभरावर उडी मारलेला हलवा कसा दिसतो ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक आहे!