फियाटचा कार्बोरेटर आणि लेथवर गेलेले सात आठवडे

आप्पांची गाडी 1986 ची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याला बनलेली, पण घरात आम्ही सगळे तिला फियाटच म्हणतो. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि त्यावर सोलेक्सचा कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. मागच्या दिवाळीनंतर तिने एकच खोड धरली. हायवेला काही तक्रार नाही, खंबाटकीचा घाट निमूटपणे चढायची. साताऱ्यात पोवई नाक्यावर थांबलं की मात्र थरथरायची आणि बंद पडायची. मागे गाड्यांची रांग, हॉर्नचा गजर, आणि शेजारी आप्पा गप्प बसलेले.

पॉइंटचा गॅप, प्लग, टायमिंग, टॅपेट, म्हणजे ठिणगीचं आणि व्हॉल्व्हचं सगळं तपासून झालं. हे आधी केल्याशिवाय कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावू नका. मिस्त्रींनी मिक्स्चर स्क्रू, म्हणजे स्लोच्या मिश्रणात पेट्रोल कमी-जास्त करणारा स्क्रू, फिरवायला सुरुवात केली. साधारण दीड आटा (फेरा) बाहेर असतो, तिथून तो तीन आट्यांपर्यंत गेला. मिश्रण रिच झालं, म्हणजे पेट्रोल जास्त, गाडी कशीबशी स्लोवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) चालू राहिली, पण पीयूसीत अडकली. इतक्या जुन्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे, आमची 3.8 आली. शेवटी मिस्त्री म्हणाले, "ताई, या कार्बोरेटरचं आयुष्य संपलं. मारुतीचा टाकून देतो."

फियाटला मारुती 800 चा कार्बोरेटर बसवणारे बरेच आहेत. मधे अ‍ॅडॉप्टर प्लेट टाकली की तो बसतो. मीही हो म्हणाले. पण तो 796 सीसीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनाच्या मापाचा. जेट (पेट्रोल मोजून सोडणारे भोकाचे पितळी तुकडे) नीट निवडून बसवणारा माणूस हाताशी असेल तर कदाचित जमेल, आमच्याकडे नव्हता. घाटात गाडीला दम पुरेना. एक गोष्ट मात्र झाली होती आणि ती आम्ही कुणीच नीट पाहिली नाही: स्लो एकदम स्थिर झाला होता. म्हणजे इंजिन ठणठणीत होतं, दोष जुन्या सोलेक्सच्या अंगातच होता.

तो सापडला तो आप्पांमुळे. जुना सोलेक्स परत बसवला, इंजिन गरम झालं, आणि त्यांनी तेलाच्या कुपीतून थ्रॉटल स्पिंडलच्या दोन्ही टोकांवर दोन-दोन थेंब ऑइल सोडलं. काही क्षण इंजिन शिवणयंत्रासारखं सरळ चाललं, मग पुन्हा थरथर. गाडी तिथून एअर घेत होती. फुलपाखरू, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी थ्रॉटलची गोल झडप, ज्या दांडीवर फिरतं ती दांडी, म्हणजे स्पिंडल, झिजून सैल झाली होती. पाय काढला की फुलपाखरू मिटतं आणि त्याच्या खाली ओढ सर्वांत जास्त असते, म्हणून ही गळती स्लोला जीव घेते. थ्रॉटल उघडलं की ओढ कमी होते आणि आत जाणाऱ्या एवढ्या हवेत ती गळती जाणवतही नाही. हायवेला उत्तम आणि सिग्नलला बंद, याचं कारण हे. स्क्रू फिरवून ते जाणारच नव्हतं.

आता फक्त बुश, म्हणजे दांडी ज्यात फिरते त्या छोट्या नळ्या, मारायचे होते. आणि इथेच सात आठवडे गेले. लेथवाल्याने बॉडी ठेवून घेतली, "उद्या या" म्हणाला. उद्याचा सोमवार झाला, सोमवारचा पुढचा सोमवार. मी ऑफिस सुटल्यावर रोज चक्कर मारायचे आणि आमचा कार्बोरेटर त्याच फळीवर, त्याच जुन्या पेपरवर दिसायचा. चौथ्या आठवड्यात काम झालं, तर बुश इतके घट्ट की अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी थ्रॉटल परत येईना. घरासमोर पहिल्यांदा चालू केली तेव्हा इंजिन ओरडतच राहिलं, मी किल्ली बंद केली. हेच घाट उतरताना झालं असतं तर? परत नेऊन दिला, तर आणखी तीन आठवडे फळीवर. माझा राग अजून गेलेला नाही. काम नको असेल तर माणसाने पहिल्याच दिवशी नाही म्हणावं.

शेवटी बॉडी उचलली आणि पुण्याला गेले. नाना पेठेत नवा स्पिंडल मिळाला आणि दुसऱ्या एका लेथवर दोन तासांत पितळी बुश रीमरने मापात बसले. काम घेताना तिथेच दांडी बोटाने फिरवून पाहा. अडकता कामा नये आणि हलताही कामा नये. फुलपाखराचे स्क्रू आवळण्याआधी ते मिटून उजेडासमोर धरा, कडेने सगळीकडे सारखी फट दिसली पाहिजे. मग स्क्रूंची टोकं खालून आधार देऊन ठोकून घ्या. सुटलेला स्क्रू थेट इंजिनात जातो. कार्बोरेटरचा खालचा फ्लँज, म्हणजे बसवताना खाली टेकणारा सपाट भाग, वाकलाय का तेही बघा, आमचा काचेवर एमरी पेपर ठेवून घासला.

त्यानंतरचं ट्युनिंग अर्ध्या तासाचं. इंजिन पूर्ण गरम, स्लो स्क्रूने वेग बेताचा, मग मिक्स्चर हळूहळू आत आणि बाहेर, जिथे इंजिन सर्वांत सरळ चालतं तिथे थांबायचं आणि वेग पुन्हा उतरवायचा. पावणेदोन आट्यांवर जमलं. पीयूसी 1.9 आली आणि मी तो कागद आप्पांच्या हातात दिला.

जेट तारेने साफ करू देऊ नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं होतं, फक्त हवा मारा. हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर गाडी थोडी लीन चालते, म्हणजे मिश्रणात इंधन कमी पडतं. आमचे प्लग पांढरट निघत होते, म्हणून मेन जेट 5 नंबरने मोठा घातला, म्हणजे भोक 0.05 मिमीने वाढलं. आता प्लग बिस्किटी रंगाचे निघतात. पेट्रोलचे जुने रबरी पाइपही त्याच वेळी बदला. आमचा पंपाजवळचा पाइप दाबला तर बोटं काळी झाली, इतका तो आतून विरघळला होता.