9×11 च्या खोलीत मल्टिपर्पज रंधा मशीन : आतापर्यंतचं काम

मशीन नेहमीचंच आहे. 9 इंची रंधा, दोन्ही बेड मिळून 48 इंच, त्याच शाफ्टच्या एका टोकाला 10 इंची गोल करवत, दुसऱ्या टोकाला पुली आणि बाहेर स्लाइडवर 2 एचपी सिंगल फेज मोटर. एकूण व्याप 48×50 इंच, त्यातले 16 इंच एकट्या मोटरने खाल्लेले.

पण जागेचा हिशोब मशीनच्या मापावर करायचा नसतो, लाकडाच्या मापावर करायचा. 7 फुटी फळीला कटर ब्लॉकच्या (रंध्याची पाती बसवलेल्या फिरत्या ठोकळ्याच्या) अलीकडे 7 फूट लागतात आणि पलीकडेही 7 फूट. 11 फुटी खोलीत मशीन मधोमध ठेवलं तर साडेपाच फुटांपुढे काही रंधता येत नाही. म्हणून कटर ब्लॉक दारापासून 3 फुटांवर आणि बेडचं तोंड दाराकडे ठेवलं. अलीकडे 8 फूट मिळतात आणि फळी उंबऱ्यावरून बाहेर जाते. रंध्याची मधली रेषा आणि करवतीचं पातं यांत 13 इंच अंतर आहे, त्यामुळे दोन्ही रेषा 36 इंची दारात बसतात. अडचण एकच, की असं ठेवलं की दार अडतं. म्हणजे मशीन हलतं हवं. पुढची सगळी खटपट यातूनच निघाली.

मोटर आत

स्टँडच्या आत पुलीच्या बाजूला 15 इंच मोकळे होते, पण मधला आडवा अँगल आड येत होता. तो आधी कापला, ही चूक. अँगल निघताच स्टँड जरासा फाकला आणि पुढचा बेड एका कोपऱ्यात उतरला. मागच्या बेडवर पोलादी पट्टी धरून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातला तर तिथे 0.4 मिमी फट. आधी नवा आधार बसवावा, मगच जुना कापावा. आता 50×50×6 चा अँगल खाली 8 इंचांवर एम-12 (12 मिमी) बोल्टने कसला आहे. वेल्डिंग मुद्दाम टाळलं, कारण गरम होऊन गार होताना अँगल ओढला जातो आणि पुन्हा तेच दुखणं. उरलेली फट स्लाइडखाली पातळ पत्र्याचे तुकडे सरकवून भरली. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण 0.1 मिमी असतो. कात्रीने कापता येतो आणि फुकट मिळतो.

मोटर 6 मिमी प्लेटवर, प्लेट एका कडेने 16 मिमी सळईवर झुलती. मोटरच्या वजनानेच पट्टा ताणला जातो. मात्र चालू करताना प्लेट उचलली जाऊन पट्टा फडफडतो, म्हणून दुसऱ्या कडेला 10 मिमी बोल्टने ती अडवावीच लागते.

पट्ट्याचं माप बदलतं. मोटरची पुली 125 मिमी, शाफ्टची 75, दोन्ही पिच व्यास (पट्टा प्रत्यक्ष ज्या वर्तुळावर चालतो त्याचा व्यास), दोन पुलींचं मध्यांतर 380. दोन मध्यांतरं 760, दोन्ही व्यासांच्या बेरजेची 1.57 पट 314, व्यासांमधल्या फरकापोटी दीड-दोन, मिळून 1076. ए सेक्शनच्या (पट्ट्याच्या जाडीचा एक प्रकार) पट्ट्याला आतली लांबी यातून 36 वजा, म्हणजे 1040 मिमी. ए-41 पट्टा (आतली लांबी 41 इंच) नेमका बसला. 2880 आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) मोटरवर शाफ्ट जवळपास 4800 आरपीएमने फिरतो. या वेगाला 10 इंची पात्याचा दात सेकंदाला सुमारे 64 मीटर धावतो, 12 इंचीचा 76 च्या पुढे जातो. टेबलाच्या खाचेत 12 इंची मावतं, तरी तेवढ्यावरून ते लावू नये. पात्यावर छापलेला कमाल आरपीएम वाचावा.

आणखी एक गोष्ट हमखास विसरते. आधी मोटर पुलीच्या बाहेर होती, शाफ्टचं तोंड मशीनकडे. आता मोटर आत आणि तोंड बाहेर, म्हणजे फिरण्याची दिशा उलटी. सिंगल फेजला स्टार्टिंग वाइंडिंगच्या (मोटर सुरू करून देणाऱ्या गुंडाळीच्या) दोन वायरी अदलाबदल करायच्या. करवतीचं पातं न लावता बटण क्षणभर दाबून दिशा पाहावी. उलट्या दिशेत पात्याचा नट सैल होतो.

भुसा

मोटर रंध्याखाली आली की ढलप्या थेट तिच्या डोक्यावर पडतात. पंख्याची जाळी तुंबते आणि मोटर तापते. 20 गेजच्या जीआय पत्र्याची घसरण करून शेवटी 110 मिमी पीव्हीसी पाइप जोडला. पहिली घसरण 35 अंशांची होती. आंब्याच्या ओलसर लाकडाच्या ढलप्या तिच्यावर थर करून बसल्या. 50 अंशांवर त्या सरळ घरंगळतात. पाइपला काटकोनी बेंडऐवजी 45 चे दोन वापरावेत.

चाकं

चार कॅस्टरवर उभं मशीन रंधताना थरथरतं, ब्रेक लावले तरी. म्हणून मशीन एम-16 च्या चार लेव्हलिंग बोल्टवर (उंची कमी-जास्त करता येणाऱ्या पायांवर) उभं आहे, आणि 4 इंची दोनच न वळणारी चाकं दाराच्या विरुद्ध टोकाला, जमिनीपासून 2 मिमी वर. दाराकडचं टोक पहारीसारख्या दांड्याने उचललं की चाकं टेकतात आणि मशीन मागे ओढता येतं. फरशी एकसारखी नसेल तर 2 मिमी पुरत नाही, चाकाच्या प्लेटखालचा एखादा वॉशर कमी करावा. उचलायचं ते स्टँडला धरून. बेडला धरून उचललं की सगळं जुळवलेलं गेलं.

करवत

या मशीनमध्ये पातं वर-खाली होत नाही, टेबल होतं. ही उणीव मानली जाते, पण त्यामुळे पात्यामागची सुरी (कापलेली फट मिटू न देणारी पट्टी) बसवणं अगदी सोपं. बेअरिंगच्या ब्रॅकेटला बोल्ट केली की टेबल कसंही असो, सुरी पात्याच्या मागे तेवढ्याच अंतरावर राहते. पात्याची प्लेट 2.2 आणि काप 3.2 मिमी, म्हणून सुरी 2.5 मिमी पत्र्याची, दातांपासून 5 मिमी मागे. सुरीशिवाय फाडलेलं सागवान मागून मिटतं, पातं पकडतं आणि फळी अंगावर येते. आठ फुटी जागेत बाजूला व्हायला वाव नसतो.

शाफ्ट एकच असल्याने रंधताना करवतही फिरत असते. तिच्यावर 12 मिमी प्लायची पेटी आणि पेटीखाली लिमिट स्विच, म्हणजे पेटी जागेवर असली की दाबला जाणारा. रंधा-करवत निवडायच्या स्विचमधून तो स्टार्टरच्या कॉइलशी सिरीजमध्ये जोडला आहे, म्हणून रंध्यावर निवड असताना पेटी नसेल तर मशीन सुरूच होत नाही. डीओएल स्टार्टर (मोटर थेट लाइनवर चालू करणारा) असल्याने वीज जाऊन आली तरी आपोआप चालू होत नाही. वायर 2.5 चौरस मिमी, तीन कोअर.

टेबलाचा बाहेरचा 12 इंची पंख घडीचा केला. 18 मिमी प्लायला दोन्ही बाजूंनी सनमायका, एकाच बाजूने लावला तर महिन्याभरात वाकतो. पंख टेबलापेक्षा अर्धा मिमी खालीच ठेवावा. वर राहिला तर फळीची कड त्यावर अडते. घडी घातल्यावर आता व्याप 48×34.

शेवटी पाती पुन्हा जुळवली. मागच्या बेडवर सरळ काठी ठेवून ब्लॉक हाताने फिरवला की प्रत्येक पात्याने ती 3 ते 4 मिमी पुढे सरकवावी, दोन्ही कडांना सारखी. एका पात्याची डावी कड 6 दाखवत होती, ती उतरवली.

राहिलंय ते याच मशीनचं ड्रिलचं टेबल. त्याचा दांडा आता भुशाच्या पाइपला दोन सूत (पाव इंच) घासतो. बहुधा पाइपच खाली घ्यावा लागेल.