तातडी आणि ‘प्रिसिपिटेट’

मागच्या महिन्यात एका इंग्रजी पत्राचा अनुवाद करताना मी ‘प्रिसिपिटेट डिसिजन’ला ‘तातडीचा निर्णय’ असे लिहिले आणि पत्र पुढे पाठवले. दुसऱ्या दिवशी वाचताना लक्षात आले की मूळ पत्रात ज्या निर्णयावर ठपका ठेवला होता, त्याची माझ्या मराठीत बाजू घेतली गेली होती. तातडी ही गरज असते. पंचगंगेचे पाणी चढू लागले की कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीची माणसे आणि जनावरे तातडीनेच हलवावी लागतात. ‘प्रिसिपिटेट’मध्ये विचार पुरा होण्याआधीच पाऊल पडलेले असते आणि त्याचा दोषही त्या शब्दातच असतो.

शब्दाचे मूळ लॅटिन आहे. ‘प्रे’ म्हणजे पुढे, ‘कापुट’ म्हणजे डोके. डोके खाली करून कोसळणे हे त्यातले चित्र. म्हणूनच आकाशातून पडणाऱ्या पावसाला ‘प्रिसिपिटेशन’ म्हणतात आणि परीक्षानळीच्या तळाशी बसणाऱ्या साक्याला ‘प्रिसिपिटेट’. क्रियापद म्हणून त्याचा अर्थ एखादे संकट एकाएकी ओढवून आणणे असा होतो. ‘प्रिसिपिटस’ हा त्याचा भाऊबंद पन्हाळ्याच्या तटाखालच्या तुटलेल्या कड्यांसाठी वापरावा. घाईसाठीही तो वापरला जातो, पण जपून लिहिणारे दोन्ही वेगळे ठेवतात.

मराठी प्रतिशब्द शोधताना मी बराच अडलो. ‘उतावीळ’मध्ये हौस आहे, कारण गुडघ्याला बाशिंग बांधणारा नवरा कोणाचे नुकसान करत नाही. ‘घिसाडघाई’ने काम ओबडधोबड होते, पण ते बहुधा पुन्हा करता येते. ‘आततायी’ मला सर्वांत जवळचा वाटतो. संस्कृतात तो जिवावर उठलेल्या हल्लेखोरासाठी होता, मराठीत मात्र पुढचामागचा विचार न करता टोकाचे पाऊल उचलणाऱ्यासाठी रुळला आहे.

तरीही आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातील नेसरीपाशी माझा हात थांबतो. उमराणीला आदिलशाही सरदार बहलोलखानाला सोडून दिल्याबद्दल शिवाजी महाराजांचा ठपका मनाला लागलेले सरनौबत प्रतापराव गुजर २४ फेब्रुवारी १६७४ रोजी मागच्या फौजेची वाट न पाहता अवघ्या सहा स्वारांनिशी खानाच्या सैन्यावर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. कोशातला अर्थ येथे अक्षरशः लागू पडतो, पण प्रतापरावांना आततायी म्हणायला माझे मन तयार होत नाही, कारण त्या घाईमागचा सल या शब्दात मावत नाही. येथे इंग्रजीत मी ‘हेडलाँग’ लिहीन. डोके पुढे करून धावण्याचे चित्र त्यातही आहे, पण धावणाऱ्याला तो दरवेळी दोषी ठरवत नाही.

पत्रातल्या निर्णयामागे असा कोणताही सल नव्हता, कागद पुरते न वाचताच तो घेतला गेला होता. मी ‘तातडीचा’ खोडून तेथे ‘आततायी’ लिहिले, चुकीची कबुली देणारी एक ओळ जोडली आणि पत्र पुन्हा पाठवले.